ग्लासातली बी

सकाळी दिवा लावायला ती खिडकीशी आली तेव्हा दिव्याला खेटून एक ग्लास ठेवलेला होता, आणि ग्लासातून काहीतरी तिच्याकडे बघत होतं. काडीपेटीचा हात तिने मागे घेतला. मग वाकून पाहिलं. लिंबाहून मोठी, पिंगट, गुळगुळीत अशी एक कोय होती. तिच्या अंगात तीन बाजूंनी टूथपिक खुपसलेल्या, त्या काड्या ग्लासाच्या काठावर टेकलेल्या आणि कोयीचं बूड तेवढं पाण्यात. दवाखान्यात पाय टांगून ठेवलेल्या माणसासारखी ती तिथे लटकली होती. हे कुणी ठेवलं, असा प्रश्नच नव्हता. घरात माणसं दोन. एक ती स्वतः आणि दुसरी कोचावर भिंतीकडे तोंड करून झोपलेली तिची लेक. कशाला ठेवलं, हे मात्र विचारायचं होतं आणि तेच विचारता येत नव्हतं. उठल्यापासून दिव्यातलं तेल संपून दिवा विझेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा तिचा नेम होता. तिने ग्लास बोटभर बाजूला सरकवला, दिवा लावला, डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढे देवाऐवजी ती कोयच आली.

"ॲव्होकॅडोची आहे," लेक कोचावरून म्हणाली. म्हणजे ती झोपलेली नव्हती. "हलवू नकोस हं. ऊन लागतं तिला."

दिवा विझेपर्यंत लेक आंघोळ करून, केस बांधून, कोट घालून बाहेर पडलेलीसुद्धा होती. कुठे चाललीस, हाही प्रश्न तसाच राहिला. घर म्हणजे एक खोली आणि तिच्या पाठीला चिकटलेलं स्वयंपाकघर. नवरा गेल्यावर मोठी जागा सोडून तिने ही घेतली, तेव्हा मला एकटीला पुरते असं ती सगळ्यांना सांगायची, आणि ते खरंच होतं. खिडकी एकच, आणि खिडकीची फळी हीच देवाचीही जागा: एक तसबीर, दिवा, जपाची माळ. देवालाच पाय आखडून बसावं लागत होतं, त्यात हे पाहुणं. लेक आली होती ती चार दिवसांसाठी, असं ती स्वतःच म्हणाली होती. एक बॅग आणि अंगावरचा कोट. चाराचे आठ झाले, आठाचे पंधरा होत आले, तरी तिने काही विचारलं नव्हतं. माहेरी आलेल्या मुलीला कधी जाणार म्हणून विचारायचं नसतं. पण पाहुण्याने दाराबाहेरची चप्पल उचलून कपाटात ठेवली की घरातल्या बाईच्या मनात जसं काहीतरी चमकतं, तसं तिच्या मनात आत्ता चमकलं होतं. चार दिवसांसाठी आलेलं माणूस पाण्यात बी घालत नाही.

ती लाँड्रीत रफूचं काम करायची. दुकानाच्या मागच्या अंगाला, जिथे उजेड चांगला येतो तिथे तिची खुर्ची होती. पुढे काउंटरवर मालकीण आणि मधे वाफेच्या ढगात इस्त्रीवाला. दिवसभर दुसऱ्यांच्या कपड्यांतली भोकं बघायची. कुठलं भोक कसरीने पाडलं, कुठलं विस्तवाने, आणि कुठलं कुणीतरी धरून ओढल्यामुळे पडलं, हे तिला न सांगता कळायचं, आणि कळलं तरी ती कुणाला सांगायची नाही. विचारलं तर मात्र सांगायची. कारण तिचा दुसरा नेम, लहानपणी घेतलेला, खोटं न बोलण्याचा. गिऱ्हाईकाने शाल उलटसुलट करून "दिसतं का हो अजून?" असं विचारलं आणि दिसत असलं, तर ती हळू आवाजात "दिसतं" म्हणायची. मालकीण कपाळाला हात लावायची. "अहो, तुम्ही देवमाणूस आहात, पण दुकान देवाचं नाही हो, माझं आहे."

त्या दिवशी सुईत दोरा ओवता ओवता तिने विचारलं, "ॲव्होकॅडोची बी पाण्यात घातली तर किती दिवसांत फुटते?"

"तुम्हाला कधीपासून ही हौस?" मालकीण म्हणाली.

"मला नाही. लेकीला."

"माझ्या मेव्हणीने लावलेली," वाफेतून इस्त्रीवाला म्हणाला. "महिना झाला, दीड महिना झाला, काही नाही. मेव्हणी रोज तिच्याशी गप्पा मारायची. नवऱ्याशी बोलली नसेल तेवढी बीशी बोलली."

"मग?"

"मग काय, फुटली. आता पार पडद्याच्या दांडीला लागलीय. फळ म्हणाल तर आठ-दहा वर्षांनी, तेही त्या बाईंची मर्जी असली तर."

"कुठल्या बाईंची? मेव्हणीची की झाडाची?" मालकीण म्हणाली, आणि दोघं हसली. तीही हसली, पण तिच्या हातातला टाका सैल पडला आणि तो उसवून पुन्हा घालावा लागला. दीड महिना. आठ-दहा वर्षं. लेकीला हे ठाऊक नसेल असं कसं म्हणायचं?

जावयाचा फोन दुपारी यायचा, दुकानातल्या फोनवर. तिने मोबाइल घेतलाच नव्हता. विम्याचे दावे खरे की खोटे हे बघण्याची त्याची नोकरी होती. कुणाचं घर खरंच जळलं का, कुणाची गाडी खरंच आदळली का, हे तो माणसांशी गोड बोलून काढून घ्यायचा, असं लग्नाच्या वेळी त्याच्या काकांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. आवाज मऊ, घाई कधीच नाही.

"आई, जेवलात का?"

"जेवतेच आहे."

"मग नंतर करू का? तुमचं अन्न गार व्हायला नको."

असं तिला दुसरं कुणी विचारत नव्हतं. पोटच्या पोरीनेही कधी विचारलं नव्हतं. "नाही नाही, बोला ना," ती म्हणाली.

"काही नाही हो. मी तिला फोन करत नाही, तिला वेळ हवाय ना, घेऊ दे. तुमच्याकडून कळलं की माझा जीव भांड्यात पडतो, एवढंच. नीट जेवते ना? सकाळी लवकर बाहेर पडते का?" तिने सांगितलं. लवकर पडते, कोट घालून. हातात काय असतं? काही नसतं. परत कधी येते? दिवेलागणीला. आणि मग, काहीतरी सांगण्यासारखं आहे याचा जरासा आनंद होऊन, तिने बीचं सांगितलं. 

"बी? अच्छा," तो म्हणाला. "एकच आहे का, आई?"

"एकच दिसली."

"बघून सांगाल? सहज आपलं."

पुढे एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. तीन ग्लास खिडकीत ओळीने बसले आणि तसबीर उचलून भिंतीला टांगावी लागली. टांगताना तिने देवाची मनातल्या मनात क्षमा मागितली. लेकीच्या नखांत हिरवट काळं काहीतरी साठलेलं असायचं. एका फळांच्या दुकानात, मागच्या बाजूला, फळं सोलायचं आणि रस काढायचं काम तिने धरलं होतं. तेही तिने सांगितलं ते सकाळीच, दिवा जळत असताना. हळूहळू आईच्या लक्षात आलं की लेक जे काही बोलते ते सकाळीच बोलते. एरवी संध्याकाळी आली की हं, नाही, दमले, एवढंच. पण पहाटेचा दिवा लागला आणि आईचं तोंड बंद झालं की ही चहाचा कप घेऊन खिडकीशी जमिनीवर बसायची, ग्लासातलं पाणी बदलायची आणि जणू बियांनाच सांगते आहे अशी बोलायला लागायची.

"जाड बाजू खाली, टोक वर. उलटी लावली तर कुजत बसते नुसती. पाणी शिळं झालं की बुळबुळीत होतं, बघ, हे असं. बदलावं लागतं." ग्लास पुसत पुसत, त्याच आवाजात, "तिथेही लावली होती मी एक. सिंकखालच्या कपाटात, ओल्या कागदात गुंडाळून, पिशवीत. सुरुवातीला अंधार चालतो तिला. त्याला सापडली. ओरडला नाही. तो ओरडतच नाही कधी. म्हणाला, एवढे दिवस वाट बघतेयस, आत काही आहे का ते तरी बघू. आणि फळीवर ठेवून सुरीने मधोमध कापली. दोन फाका मला दाखवल्या. आत एवढासा कोंब होता, आई, तांदळाच्या दाण्याएवढा. म्हणाला, अरे, होतं की. मग दोन्ही फाका कचऱ्यात टाकल्या, हात धुतले आणि बातम्या लावल्या."

तिने डोळे मिटलेलेच ठेवले. हातातली माळ पुढे सरकत होती, पण मणी मोजले जात नव्हते. एका बीसाठी कुणी घर सोडतं का? हिचे वडील तर ताट भिरकावायचे. म्हणून काय मी बॅग उचलली? आणि खरं असेल तर मला हे आत्ताच का सांगायचं, माझं तोंड बांधलेलं असताना? खरं बोलणाऱ्याला उलट प्रश्नाची भीती कशाला? एखादा कपडा गिऱ्हाईक फार घट्ट घडी घालून काउंटरवर ठेवतं तेव्हा भोक घडीच्या आत असतं, हे तिला इतक्या वर्षांत कळलेलं होतं. ही घडी कशाची होती? या बिया कोण देतं हिला? रात्री जेवताना तिने विचारून पाहिलं, "ते कापण्याचं म्हणत होतीस सकाळी..." लेक म्हणाली, "जाऊ दे गं," आणि ताटली घेऊन उठली.

म्हणून एका संध्याकाळी दुकान सुटल्यावर ती घरी न जाता वाकडी वाट करून त्या फळांच्या दुकानावरून गेली. समोरच्या फुटपाथवर चपलांच्या दुकानाची काच होती, तिच्यात बघितल्यासारखं करत उभी राहिली. स्वतःच्या पोरीच्या पाळतीवर. आत पांढऱ्या दिव्याखाली लेक ॲप्रन बांधून उभी होती. सुरी फळाभोवती फिरवायची, दोन्ही हातांनी पीळ देऊन फळ उघडायचं, बी चमच्याने काढून बादलीत टाकायची. पुन्हा फळ, पुन्हा पीळ. शेजारी एक जाडी बाई गाणं पुटपुटत संत्री पिळत होती. दुसरं कुणी नव्हतं. बराच वेळ उभं राहूनही कुणी आलं नाही. मधेच लेकीने एक बी बादलीत टाकता टाकता थांबवली, दिव्यापुढे धरून गोल फिरवून बघितली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की हिला नजर वळवावी लागली. परत येताना तिला वाटलेलं सुटकेसारखं नव्हतं. तिची निराशा झाली होती. कुणी पुरुष असता तर समजलं असतं. त्याच्यावर रागावता आलं असतं, देवापुढे रडता आलं असतं. बादलीभर बियांवर काय रागवायचं?

लेक नसताना ती बिया उचलून बघायला लागली. दोन बोटांनी काड्यांसकट उचलायची, पाणी निथळू द्यायची, बूड उजेडात धरायची. फुटली नाही. आजही नाही. पहिल्या बीवरचं तपकिरी साल सुटून ग्लासाच्या तळाशी पडलं होतं आणि आतलं अंग पिवळट, उघडं झालं होतं, तरी बी अख्खी होती. रोज ती बघायची आणि रोज बरं वाटायचं. एके दिवशी बाजूने एक केसासारखी चीर दिसली, टोकापासून बुडापर्यंत गेलेली. तिने ग्लास खाली ठेवला, तसबिरीकडे वळली आणि हात जोडून म्हणाली, नको रे देवा, एवढी फुटू देऊ नकोस. शब्द मनातून निघून गेल्यावर ते तिला ऐकू आले. आजवर तिने देवाकडे पाऊसपाणी मागितलं, नवऱ्याचा राग कमी होऊ दे म्हणून मागितलं, लेकीला चांगलं घर मागितलं. एखादी गोष्ट उगवू नये असं कधी मागितलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच हात धुतले. नळ तसाच सुरू ठेवून ती बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिली. सुरी घेतली नाही एवढंच, असं कुणीतरी म्हणालं. पण घरात कुणी नव्हतं.

पार्सल आलं ते संध्याकाळी, लेक घरी असतानाच. खोक्यात पेंढा आणि पेंढ्यात कुंड्या. लहान, गोल, पांढऱ्याशुभ्र, बशीसकट. तीन. सोबत कागद नाही, काही नाही. खोक्यावर फक्त लेकीचं नाव, जावयाच्या रेखीव अक्षरात.

"किती छान आहेत गं!" ती म्हणाली. खरंच छान होत्या.

लेक कुंड्यांकडे बघत नव्हती. ती खिडकीतल्या ग्लासांकडे बघत होती, एकेक करून.

"तीन आहेत हे त्याला कुणी सांगितलं?"

"मी."

"का?"

"विचारलं त्याने."

"दुकानाचं? मी काम करते ते?"

"तेही विचारलं. अगं, काळजीने विचारतो तो. रोज फोन करतो, आधी मला जेवलात का म्हणतो..."

"रोज?" लेक खाली बसली. हसतेय की काय असं वाटलं, पण ती नुसताच श्वास सोडत होती. "आई, तो तुला का विचारतो माहितीये? मला विचारलं तर मी खोटं बोलते. मी शिकले तिथे राहून. कुठे होतीस, कुणाशी बोललीस, बसमधून उतरल्यावर डावीकडे का गेलीस. पटकन खोटं बोलता येतं मला आता. तू शिकलीच नाहीस."

"मग मी काय करायचं होतं? खोटं बोलायचं?"

"नाही गं. तू कशी बोलशील!"

लेक ते अशा सुरात म्हणाली की तिला सुई टोचल्यासारखं झालं. "चांगल्यासाठीच पाठवल्या असतील," तिने एवढंच म्हटलं.

"हो. त्याचं सगळं चांगल्यासाठीच असतं." लेकीने कुंड्या पुन्हा पेंढ्यात पुरल्या आणि खोकं दाराबाहेर नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, दिवा लागल्यावर, ती नेहमीसारखी जमिनीवर बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "हा तुझा सकाळचा नेम माझ्या लग्नाच्या दिवसापासूनचा ना? माझा संसार टिकावा म्हणून. म्हणजे रोज सकाळी तू गप्प बसतेस ती त्याच्यासाठी." आणि कोट न घालताच निघून गेली.

मागे उरलेला कोट बघून तिला काहीतरी करावंसं वाटलं. बोलून काही होत नव्हतं, निदान कपडा स्वच्छ होईल. तिने तो हातावर टाकून दुकानात नेला. धुलाईला टाकण्याआधी खिसे बघायचे, हा दुकानाचा पहिला नियम. पेन राहिलं तर अख्खा घाणा निळा होतो. तिचा हात सवयीने खिशाशी गेला आणि वरच्या वर अडला. दुसऱ्या खिशाशी गेला, तिथेही अडला. शिवलेले होते. नव्या कोटाचे खिसे कच्च्या दोऱ्याने बंद असतात, आकार बिघडू नये म्हणून. लोक घरी नेऊन तो दोरा ओढून काढतात. पण हा कोट काही नवा नव्हता. कोपरं झिजून चकाकत होती. तिने तो उजेडात धरला, चष्मा वर सरकवला. कच्चा दोरा नव्हताच. बारीक, एकसारखी, हाताने घातलेली पक्की टीप होती. दोरा कोटाच्या रंगाचा शोधून आणलेला. शेवटची गाठ दोनदा फिरवून अस्तराखाली दडवलेली. ती गाठ तिने पाहिली आणि खुर्चीत मागे टेकली. तशी गाठ तिच्या आईने तिला शिकवली होती आणि तिने लेकीला, बाहुलीच्या झग्यावर. आतला लहान खिसा उलटून पाहिला. तोही शिवलेला होता.

लेकीने स्वतःच्या हाताने शिवले होते. कुणीतरी समोर बसून बघत असणार, मऊ आवाजात. नीट शिव, घाई नाही. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण टाक्यांकडे बघून ती सांगू शकत होती की शिवणारीचा हात थरथरत नव्हता; इतका सावकाश, इतका सारखा हात माणूस स्वतःच्या मनाने शिवताना चालवत नाही. लहानपणी हिचे खिसे धुवायला टाकण्याआधी रिकामे करायचे म्हणजे एक कामच असायचं: बिया, बाटलीची झाकणं, खडूचे तुकडे, एकदा तर जिवंत गोगलगाय. ती ओरडायची, पोरगी खिदळायची. आणि फोनवर तो विचारत होता, बाहेर जाताना हातात काय असतं? आणि ती सांगत होती, काही नसतं. खरंच काही नसायचं. खिशातही नसायचं, हे तेवढं त्याला आधीच माहीत होतं.

तिने बारीक कात्री घेतली. एकेक टाका उचलून कापला, दोऱ्याचे तुकडे चिमटीने वेचून काढले, टिपेच्या जागी राहिलेली भोकं नखाने घासून मिटवली. इस्त्रीवाला डोकावला. "काय सापडलं? खजिना?"

"काही नाही," ती म्हणाली. तेही खरंच होतं. तिन्ही खिशांत फक्त अस्तराची धूळ होती.

तेवढ्यात फोन वाजला. मालकिणीने रिसीव्हर पुढे केला. "तुमचे जावईबापू."

"त्यांना सांगा, मी कामात आहे."

मालकिणीने एकदा तिच्याकडे, एकदा तिच्या मांडीवरच्या कोटाकडे पाहिलं, आणि कधी नव्हे ते काही न विचारता फोनवर तसं सांगितलं.

कोट धुऊन, इस्त्री होऊन खुंटीवर परत गेला. सकाळी दिवा जळत होता. लेकीने कोट अंगावर चढवला, दाराशी गेली, कुलपाची किल्ली मुठीत घेतली, आणि तिचा दुसरा हात नकळत खाली घसरला आणि खिशात गेला. ती तशीच थांबली. पाठमोरी. तिचे खांदे हलले नाहीत, ती वळली नाही. मग दुसराही हात खिशात गेला. दोन्ही हात खिशात घालून ती दारात कितीतरी वेळ उभी होती, बसची वाट बघत असल्यासारखी. आई मागे बसून माळ ओढत होती आणि त्या दिवशी आपण गप्प आहोत याचं तिला पहिल्यांदाच बरं वाटलं.

बी फुटली. पहिली. चीर रुंदावली आणि खालून एक पांढरं, जाड मूळ पाण्यात उतरलं, काचेला टेकून वळलं. मग वरून तांबूस काडी. आता ती उचलून बघत नव्हती. जावयाचा फोन आला की ती कामात आहे असं कळवायची, आणि तेवढा वेळ खरोखरच कामात राहायची, खोटं होऊ नये म्हणून. काडी वीतभर वाढली तेव्हा लेकीने एके सकाळी कात्री घेऊन तिचा शेंडा अर्ध्यावर छाटला. आईच्या तोंडून आवाज निघता निघता राहिला. "घाबरू नकोस," लेक म्हणाली. "असं केलं की बाजूने फुटते. नाहीतर नुसती उंच जाते, आणि आपल्याकडे छत केवढं!" मग कात्री खाली ठेवून, तिच्याकडे सरळ बघून, "मी खोली बघितलीय, आई. आज जातेय."

दिव्यात अजून तेल होतं.

"जुन्या पोस्टाच्या मागची गल्ली. कोपऱ्यात सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्यावर, दुसरा मजला. जिन्याला लागून पहिलं दार. खोली एवढीशीच आहे, पण खिडक्या दोन आहेत." लेक थांबली. "तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं मी. मग वाटलं, तुझ्याशीही मी काय सांगायचं, काय नाही हे मोजत बसले तर मी तिथून निघालेच नाही. म्हणून सांगतेय. तो विचारणार. मी तुला खोटं बोल असं म्हणणार नाही. तुझं तू बघ."

तिला कितीतरी बोलायचं होतं. ती उठली, जुनी वर्तमानपत्रं घेऊन आली आणि ग्लासांमधे भरायला बोळे करू लागली, वाटेत पाणी सांडू नये म्हणून. लेक एक रिकामं खोकं धरून उभी राहिली. दोघींनी मिळून तिन्ही ग्लास आत बसवले. वर आलेली काडी वाकू नये म्हणून तिने भोवती कागदाची एक सैल कॉलर करून दिली. लेकीने खोकं उचललं, बॅग खांद्याला लावली, दार पायाने ओढून घेतलं. जिन्यावरून सावकाश उतरणारी पावलं ऐकू आली; भरलेली पाण्याची भांडी नेणाऱ्या माणसाची. खिडकीची फळी रिकामी होती आणि तिच्यावर ग्लासांच्या बुडाच्या तीन ओल्या खुणा होत्या. त्या वाळून गेल्या तरी दिवा जळतच होता.

दुकानात तिने डबा उघडलाच नाही. एका पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर काम करत राहिली. आज कामात आहे म्हणून भागणार नाही हे तिला कळत होतं. कधीतरी तो आलाच असता, दुकानाच्या दारात, मऊ आवाजात. जुन्या पोस्टाच्या मागची गल्ली, सायकलचं दुकान, दुसरा मजला. ते शब्द तिच्या तोंडात खडीसाखरेसारखे फिरत होते, विरघळत नव्हते. प्रश्न आला की उत्तर देणं हे तिच्या जिभेला श्वासासारखं होतं. जन्मभरात तिने ते कधी अडवलं नव्हतं. अडवायचं कसं, हेच तिला माहीत नव्हतं. फोन वाजला तेव्हा ती मालकिणीच्या आधी उठली.

"आई, जेवलात का?"

"जेवले," ती म्हणाली.

आणि तिची नजर टेबलावरच्या बंद डब्यावर गेली. काही झालं नव्हतं. वाफ सुरू होती, इस्त्री सुरू होती, रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"बऱ्याच दिवसांत बोलणंच नाही. ती घरीच आहे ना?"

"घरीच आहे. ताप आलाय जरा. झोपून आहे कालपासून."

"ताप? मग फळांचं दुकान?"

"सोडलं ते. झेपत नव्हतं तिला."

"आणि त्या बिया, आई? फुटल्या का?"

"छे हो. कुजल्या तिन्ही. पाणी बदलायला कोण बसलंय? वास यायला लागला, मग मीच टाकून दिल्या." वासाचं कुणी विचारलं नव्हतं. ते आपोआप आलं होतं, जागच्या जागी, कापडात बेमालूम मिसळणाऱ्या दोऱ्यासारखं.

पलीकडे त्याने समाधानाचा श्वास सोडला. "मला वाटलंच होतं. मग मी रविवारी येऊ का घ्यायला?"

"आत्ता नको. अशक्त आहे फार. उठून बसली की मीच कळवते तुम्हाला."

"चालेल. तुम्ही म्हणाल तसं. तुमच्यावरच भरवसा आहे माझा, आई. तुम्ही कधी खोटं बोलत नाही, म्हणून."

"हो ना," ती म्हणाली. "नेमच आहे तो माझा."

मालकीण हातातलं काम सोडून तिच्याकडे बघत होती. तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला, आणि त्याने काहीही विचारलेलं नसताना, तिच्या नेहमीच्या हळू आवाजात, आणखी एक सांगितलं.

"तुमची फार आठवण काढते हो ती."